जिना पाडायचा नाही

माझ्या भाचीला शूटिंगचं सगळं युनिट 'डुप्लिकेट' म्हणायचं. मी तिला चिमे म्हणते. तिची आई गेली आणि ती माझ्याकडे आली तेव्हा ती चिमणीएवढीच होती, आणि घरातल्या प्रत्येक उंच जागी सापडायची. कपाटावर, खिडकीच्या कठड्यावर, एकदा तर शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर. "पडशील मेले!" म्हणून मी खालून ओरडायचे. ती पडायची नाही, आणि मी ओरडायची थांबायची नाही. पुढे याच गुणावर तिचं पोट भरायला लागलं.

मी स्वतः टीव्हीच्या मालिकांमध्ये कपडेपट सांभाळायचे. नटनट्यांचे कपडे शिवायचे, धुवायचे, इस्त्री करायची, कुणाचा घेर वाढला की रातोरात शिवण सैल करायची आणि तोंडाला कुलूप लावायचं. फाइट मास्टरांना एक सडपातळ, न घाबरणारं माणूस हवं होतं, तेव्हा मीच चिमीला पुढे केलं. म्हणजे जे झालं त्यात माझाही हात होता. त्याचा मला अजिबात पस्तावा नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मालिकेचं नाव होतं 'कोणीतरी'. एक माणूस असतो. राखाडी लांब कोट, डोळे सोडून सगळा चेहरा मुखवट्यात. तो कुठून येतो, कुठे जातो, कुणालाच ठाऊक नाही. कुणाचं पोर हरवलेलं असतं, कुणाच्या दुकानावर गुंड आलेले असतात, कुणी पुरात छपरावर अडकलेलं असतं, तिथे हा बरोबर उगवतो. काम झालं की लोक विचारतात, "तुम्ही कोण?" हा म्हणतो, "कोणीतरी." आणि चालायला लागतो. एवढंच. पण लोक वेडे झाले होते. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका तर तो भाग चालू असताना दाराची बेल वाजली तरी उठायचे नाहीत. परक्याच्या मदतीला धावणारा माणूस बघण्यात एवढे गुंग, की शेजारी मेला असता तरी जाहिराती लागेपर्यंत त्याने थांबायचं.

मुखवट्यातले डोळे आणि आवाज आमच्या हिरोचा. बाकी सगळी चिमी. हिरो दिसायला राजबिंडा, पण कंबर कागदाची. तो भिंतीपर्यंत चालत जायचा आणि भिंतीवरून चिमी उडी मारायची. तो गाडीकडे रोखून बघायचा आणि चालत्या गाडीच्या टपावर चिमी असायची. हा पुरुष म्हणजे मुळात एक बाई आहे, हे बाहेर कळता कामा नये अशी कंपनीची सक्त ताकीद होती. शेवटी नावं सरकतात त्यात 'साहसदृश्ये : फाइट मास्टर आणि मंडळी' असं यायचं. आमची चिमी त्या 'मंडळीं'मध्ये.

मला ते टोचायचं. तिला नाही.

"मावशी, उडी मी मारते ना? मग झालं," ती म्हणायची. "नाव काय उडी मारतंय?"

तर अशात आम्ही त्या इमारतीत गेलो.

एका गल्लीच्या टोकाला जुनी तीन मजली इमारत होती. मालकाने ती शूटिंगला फुकट दिली होती. निर्माता हरखून गेला होता, कारण फुकट म्हटलं की आमच्या निर्मात्याला स्वर्ग दिसतो. प्रसंग असा होता : इमारत ढासळतेय, कोणीतरी एका म्हातारीला बाहेर काढतो, पुन्हा आत शिरतो, आणि तो जिन्यावरून झेप घेतो तेवढ्यात सगळा लाकडी जिना त्याच्यामागे कोसळतो. इमारत रिकामी आहे, असं आम्हाला सांगितलं होतं.

तळमजल्यावरच्या एका खोलीत मी पेटी उघडून कपडेपट मांडला. सकाळी गल्लीतला पावसाचा प्रसंग झाला. टँकरच्या पाण्याने कोट चिंब झाला. राखीव कोट होते, पण दुपारी हाच लागणार होता, कारण याच्या खांद्याला आतून पट्टे शिवले होते, दोर अडकवायला. उन्हात घातल्याशिवाय वाळणार नव्हता. म्हटलं, गच्ची असेल. कोट हातावर टाकला आणि जिना चढले.

जिना चांगला भक्कम होता. कठडा हातांनी घासून घासून काचेसारखा झालेला. पहिल्या मजल्यावरच्या दारांना फळ्या ठोकलेल्या. दुसऱ्यावरही तेच. तिसऱ्यावर पोचले तर कांदा परतल्याचा वास. एक दार सताड उघडं. आत खिडकीशी पलंग, पलंगावर एक म्हातारे गृहस्थ उशांना टेकून बसलेले. त्यांची उजवी बाजू गेलेली दिसत होती, हात मांडीवर ठेवल्यासारखा पडला होता. माझ्या हातातला कोट बघितला आणि त्यांचा अर्धा चेहरा एकदम उजळला.

"अगं ए!" ते आत बघून ओरडले. शब्द जड पडत होते, पण कळत होते. "कोणीतरी आलाय!"

"कोण आलंय?" आतून बाईंचा आवाज.

"कोणीतरी!"

"अहो, पण कोण?"

"तेच सांगतोय ना!"

बाई बाहेर आल्या. सत्तरीच्या, ताठ, हातात झारा. माझ्याकडे, मग कोटाकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. "यांना त्या मालिकेचं वेड आहे हो. बसा. पाणी देऊ?"

त्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या, हे त्यांनी लगेचच सांगितलं. सांगायची गरज नव्हती. आवाज असा, की ऐकणाऱ्याने आपोआप नीट उभं राहावं.

"तुमचं हे कधी आटपणार?" त्यांनी विचारलं. "मालकाचा माणूस सकाळीच येऊन बजावून गेला. दिवसभर खिडकीत यायचं नाही, आवाज करायचा नाही, नळसुद्धा सोडायचा नाही."

मी पाणी पीत होते. सहज बोलून गेले, "संध्याकाळी. जिना पडला की पॅकअप."

"कुठला जिना?"

मी भांडं खाली ठेवलं. कारण त्या इमारतीत जिना एकच होता, आणि मी त्यावरूनच वर आले होते.

बाई खुर्चीवर बसल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. गॅसवरचा कांदा करपत होता, तर आधी उठून तो बंद करून आल्या. मग त्यांनी मला सगळं सांगितलं. मालकाला जागा मोकळी हवी होती. खालची बिऱ्हाडं एकेक करून उठली, काही धाकाला, काही कंटाळ्याला. तिसऱ्या मजल्यावरची दोन घरं तेवढी राहिली : या दोघांचं, आणि समोर एक नर्स आणि तिची लहान मुलगी. कोर्टाने मालकाला बजावलं होतं, की माणसं राहतात तोवर इमारतीला हात लावायचा नाही.

"तो हात लावणारच नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही लावाल. टीव्हीवाल्यांच्या हातून जिना पडला, काय करणार, दुर्घटना! मग ज्या घराला जिना नाही, त्यात माणूस किती दिवस राहणार? यांना घेऊन मी काय खिडकीतून उतरू?"

मी उठले. म्हटलं, "मी आत्ता जाऊन दिग्दर्शकांना सांगते. काळजी करू नका. आमची भाची आहे, ती—"

"एक मिनिट," त्या म्हणाल्या. "सांगा जरूर. पण एक लक्षात ठेवा. मला कोणी वाचवायला नको आहे. तुमचा तो येतो, उचलतो, टाळ्या घेतो आणि जातो. मागे राहिलेल्याचं पुढे काय होतं, ते दाखवता का कधी? मला फक्त माझा जिना हवाय. चढायचं-उतरायचं माझं मी बघेन."

ओला कोट तसाच घेऊन मी खाली आले.

जिन्याच्या पोटाशी आमचा सेटवरचा सुतार गुडघ्यांवर बसला होता. वर बघायला तयार नव्हता. करवतीचा भुसा पडला होता. चिमी पलीकडे उडी मारून पडायच्या गादीची जागा तपासत होती. मी तिच्या कानात सगळं सांगितलं. तिने एका शब्दाने मध्ये तोडलं नाही. मग ती सुताराशेजारी जाऊन वाकली, जिन्याखाली शिरली आणि बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत भुसा होता.

"मास्टर," तिने हाक मारली. "ही तर खरी तुळई कापलीय. निम्म्याच्या वर."

फाइट मास्टर आले. त्यांनी आत वाकून बघितलं. "ठरलं होतं खालच्या चार पायऱ्या काढून खोट्या बसवायच्या," ते सुताराला म्हणाले. "हे कुणी सांगितलं?"

सुताराने मान वळवून दाराकडे बघितलं. दारात मालकाचा माणूस उभा होता. घरातसुद्धा काळा चष्मा लावायचा, म्हणून आमच्या पोरींनी सकाळीच त्याचं नाव गॉगल ठेवलं होतं. त्याच्याशेजारी आमचा दिग्दर्शक.

"मीच हो म्हणालो," दिग्दर्शक म्हणाला. "खरा जिना पडताना जे दिसतं, ते खोट्यात येत नाही. अशी संधी पुन्हा मिळायची नाही."

"वर माणसं राहतात, सर," चिमी म्हणाली.

"त्यांना दुसरी जागा दिलीय," गॉगल म्हणाला.

"मग ती तिथे का गेली नाहीत?"

"हट्टी आहेत. आणि आम्ही शिडी लावून देणार आहोत मागून."

"वरच्या आजोबांचं अर्धं अंग गेलंय. ते शिडीवरून उतरणार?"

गॉगल हसला. "तुमचा हिरो आहे की! त्याला बोलवा."

दोन-तीन जण हसलेसुद्धा. माणूस हसतो तेव्हा त्याला दर वेळी विनोद कळलेलाच असतो असं नाही.

दिग्दर्शक तसा वाईट माणूस नव्हता. माझ्या आजारपणात घरी येऊन गेला होता. पण त्या वेळी त्याचं लक्ष फक्त जिन्यावर तिरप्या पडलेल्या उन्हाकडे होतं. "हे बघ," तो चिमीला म्हणाला, "तो मालक आणि ती माणसं, त्यांचं ते बघतील. आपण आपलं काम करू. ऊन गेलं तर सगळा दिवस पाण्यात. चल, तयार हो."

चिमी माझ्याकडे आली. मी तिला कोट घातला. ओलाच होता. पट्टे बांधले, पाठीमागून मुखवट्याच्या दोऱ्या आवळल्या. मला वाटलं, ऐकलं हिने. आणि खरं सांगते, मला वाईट वाटलं, पण हायसंही वाटलं. हिची नोकरी राहिली, माझी राहिली.

"घट्ट बांध, मावशी," ती म्हणाली. "सुटायला नको."

गल्लीत बघ्यांची गर्दी होती. दोरखंडाच्या पलीकडे पोरंटोरं, दुकानदार, बायका. दार सताड उघडं ठेवलं होतं, कॅमेरा उंबऱ्यात होता, त्यामुळे बाहेरून जिना अख्खा दिसत होता. राखाडी कोट दिसला तशी पोरांनी आरोळी ठोकली.

दिग्दर्शक म्हणाला, "ॲक्शन!"

चिमी धावत वर गेली. जिन्याच्या मधल्या वळणावर पोचली, वळली. तिथून झेप घ्यायची, आणि तिचे पाय सुटले की दोर ओढून जिना पाडायचा. ती कठड्याला हात लावून उभी राहिली. मग कोट सावरला आणि पायरीवर खाली बसली.

"कट! काय झालं? लागलं का?"

"नाही," मुखवट्यातून आवाज आला. "बसलेय."

"का?"

"जिना पाडायचा नाही म्हणून."

साउंडवालासुद्धा कानांवरचे हेडफोन काढून बघायला लागला.

मग सुरू झालं. दिग्दर्शकाने आधी गोडीत घेतलं, मग आवाज चढवला. निर्मात्याचा फोन आला, तो स्पीकरवर लावला. फोनमधून निर्माता म्हणाला, की तू या धंद्यात पुन्हा दिसणार नाहीस. चिमी म्हणाली, "सर, मी सहा वर्षं या धंद्यात आहे आणि अजून एकदाही दिसलेली नाही."

आता हसले ते मात्र विनोद कळून हसले.

"हिला उचला," गॉगल म्हणाला.

फाइट मास्टरांची चार दांडगी मुलं तिथे उभी होती. त्यांनी मास्टरांकडे बघितलं. मास्टरांनी बराच वेळ दाढी खाजवली. त्यांच्याही घरी खाणारी तोंडं होती. मग ते म्हणाले, "माझ्या मुलांपैकी कोणी हात लावणार नाही. त्या तुळईवर आता जास्त वजन घालायचं नाही. मी परवानगी देत नाही." आणि जाऊन स्टुलावर बसले.

दिग्दर्शक माझ्याकडे वळला. "मावशी, कोट दुसऱ्याला चढवा. यांच्यातल्या कोणालाही. मी झेपेचा शॉट लांबून घेतो, हिला नंतर एडिटिंगमध्ये काढतो."

"कोट एकच आहे."

"पेटीत आणखी दोन आहेत. मीच मंजूर केलेत."

"आहेत," मी म्हटलं. "पण किल्ली हरवली."

किल्ली माझ्या गळ्यात लोंबत होती. सगळ्यांना दिसत होती. मी खोलीत गेले, पेटी बंद केली, कुलूप घातलं आणि पेटीवर बसले. माझं वजन काही कमी नाही. उभ्या आयुष्यात त्याचा असा उपयोग पहिल्यांदाच होत होता.

खोलीच्या दारातून मला जिना दिसत होता. भीती वाटत होती. पण जन्मभर दुसऱ्यांच्या मापाने कापड कापलं होतं. आज माझ्या मापाचं काहीतरी होतं.

शेवटी त्यांनी हिरोला आणलं. तो पांढऱ्या टॉवेलने मान पुसत, जपून चालत आला. पोरांनी बाहेर पुन्हा आरोळी ठोकली, मग एकदम गप्प झाली. कारण एक मुखवटेवाला जिन्यावर बसला होता आणि ज्याचे फोटो दुकानादुकानांत लागले होते तो खाली उभा होता.

"काय चालवलंयस?" तो हळू आवाजात म्हणाला. "मुखवटा काढ आणि खाली ये. लोक बघतायत. तू काही तो नाहीस."

"तुम्ही तरी कुठे आहात?" चिमी म्हणाली.

तो लाल झाला. मला वाटलं, आता हा चिडणार. पण तो तसाच उभा राहिला, वर जिन्याच्या टोकाकडे बघत. तिथे ऑपरेटरबाई येऊन उभ्या होत्या. खांद्यावर स्वेटर, हातात चष्मा.

"पोरी," त्या वरून म्हणाल्या. "ऊठ तू. तुझी नोकरी जाईल. माझ्यासाठी कोणाचं वाटोळं झालेलं मला चालणार नाही."

"तुमच्यासाठी नाही, आजी," चिमी म्हणाली. "यात माझ्या पायाने जिना पडणार होता. माझा पाय आहे. मी नाही म्हणते."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. मग कठडा धरून एकेक पायरी उतरल्या. "आजी, नका! तुळई कापलीय!" चिमी ओरडली. "माहीत आहे," म्हणत त्या तिच्या वरच्या पायरीवर भिंतीला लागून बसल्या. "ही पायरी भिंतीत गेलीय. ही नाही पडायची. मी पन्नास वर्षं चढतेय हिच्यावरून."

हिरो वळला आणि आपल्या गाडीत जाऊन बसला. थोड्या वेळाने निरोप आला, की त्याची कंबर धरली आहे, आज उभं राहता येणार नाही. खरंच धरली होती की नाही, देव जाणे. तो पुढे कधी त्याबद्दल बोलला नाही. पण मी त्याचे कपडे करायचे, त्याची कंबर धरली की तो कसा चालतो ते मला ठाऊक होतं. त्या दिवशी तो सरळ चालत गेला.

आता उरला गॉगल. त्याने आपली दोन माणसं बोलावली. ती दोरखंड ओलांडून आत शिरत होती, तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढे आली. नर्सचा गणवेश, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हाताला शाळेच्या कपड्यातली मुलगी.

"मागे व्हा, शूटिंग चालू आहे," गॉगल तिला म्हणाला.

"चालू दे. मला घरी जायचंय."

"आता नाही जाता येणार. इमारत रिकामी आहे."

"रिकामी?" तिचा आवाज अख्ख्या गल्लीत ऐकू गेला असेल. "मी तिसऱ्या मजल्यावर राहते! माझ्या मुलीला भूक लागलीय. रिकामी कशी?"

मग तिने आत बघितलं. भुसा बघितला, करवत बघितली, जिन्यावर बसलेल्या दोघी बघितल्या. हुशार बाई, तिला सांगावं लागलं नाही.

गल्लीला मात्र सांगावं लागलं, आणि ते तिने सांगितलं. मालकाचं नाव घेऊन सांगितलं, गॉगलकडे बोट दाखवून सांगितलं. वॉर्डात तिच्या हाताखाली किती पेशंट असतील कोण जाणे, पण आवाज सगळ्यांना पुरेल असा होता. लोक आधी हसत होते, त्यांना वाटलं हाही प्रसंगच आहे. एकाने तर टाळी वाजवली. "टाळ्या कसल्या वाजवता?" ती त्याच्या अंगावर गेली. "खरं आहे हे! माझं घर आहे वर!"

टाळी वाजवणारा कोपऱ्यावरचा सायकलवाला होता. तो ओशाळला. मग त्याने दोरखंड उचलला, खालून आत आला आणि दारात उभा राहिला. त्याच्यामागे धोब्याच्या दुकानातल्या दोघी. मग आणखी कोणी. माणसं नुसती येऊन दारात उभी राहिली, एवढी, की गॉगलच्या माणसांना आत यायला वाट उरली नाही.

इतकी वर्षं हीच माणसं त्या घरांचं काय चाललंय ते बघत होती, ही गोष्ट ऑपरेटरबाई विसरल्या नव्हत्या. "आज बरी फुरसत मिळाली सगळ्यांना," त्या जिन्यावरून म्हणाल्या. कोणी मान वर केली नाही. पण कोणी हललंही नाही.

ऊन सरकलं. आधी पायऱ्यांवरून, मग भिंतीवरून. दिग्दर्शक ते बघत बसला. शेवटी त्याने हातातली टोपी जमिनीवर आपटली आणि म्हणाला, "पॅकअप."

सगळे दिवे, वायरी, ट्रॉल्या निघाल्या. सुतार निघेना. त्याने आपली पिशवी उघडली, लोखंडी पट्ट्या काढल्या आणि जिन्याखाली शिरला. गॉगल त्याच्यावर खेकसला, "तुला कोणी सांगितलं?" सुतार आतून म्हणाला, "मी सेट लावायला आलो होतो साहेब, घर मोडायला नाही. सकाळी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. आता गप करू द्या." पट्ट्या आवळून झाल्यावर त्याने फाइट मास्टरांना हाक मारली. मास्टर जिन्यावर चढले, वळणावर जाऊन दोन्ही पायांनी दणकन उडी मारली. जिना करकरला, पण हलला नाही.

"ये खाली," ते चिमीला म्हणाले. "नाही, वर जा. आधी आजींना पोचव."

नर्सची मुलगी सगळ्यांच्या आधी पळत वर गेली.

चिमीने वरच मुखवटा काढला. मी मागोमाग होते. पलंगावरच्या आजोबांनी तिच्याकडे डोळे विस्फारून बघितलं. घामाने चिकटलेले केस, गालावर मुखवट्याचे वळ.

"मुलगी?" ते म्हणाले.

"हो, आजोबा."

"सगळ्या भागांत?"

"पहिल्यापासून."

मला वाटलं, बिचाऱ्यांचा विरस झाला. मग त्यांचा अर्धा चेहरा हसायला लागला आणि हसतच राहिला. "ती गच्चीवरून गच्चीवर... ती उडी?"

"ती दोनदा मारावी लागली. पहिल्यांदा कॅमेरा बंद होता."

ऑपरेटरबाईंनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. करपलेला कांदा टाकून पुन्हा फोडणी घातली होती.

दुसऱ्या दिवशी कंपनीने आम्हा दोघींना बोलावलं. निर्मात्याने सांगितलं, माफी मागा, कामावर राहा. तो म्हणाला, "तुझा मुद्दा बरोबर असेल, पण पद्धत चुकली." चिमी म्हणाली, "सर, पद्धतशीर सांगितलं होतं आधी. कोणी ऐकलं नाही." तिने कोट घडी करून टेबलावर ठेवला. मी पेटीची किल्ली गळ्यातून काढून कोटावर ठेवली. मला कोणी जा म्हटलं नव्हतं, बरं का. माझी मी निघाले.

तो प्रसंग त्यांनी पुढे स्टुडिओत केला, खोट्या जिन्यावर. टीव्हीवर लागला तेव्हा आम्ही दोघींनी बघितला. उडी कोणा नव्या मुलाने मारली होती. बरी मारली होती. "टाच आधी टेकवली," चिमी म्हणाली. "गुडघा जाईल त्याचा. कोणीतरी सांगायला हवं." आणि तिने खरंच मास्टरांना फोन करून सांगितलं.

दिवस सोपे गेले नाहीत, खोटं कशाला बोलू. धंद्यात बातमी पसरली, की ही बाई ऐनवेळी बसते. वर्षभर तिला कोणी उभं केलं नाही. ती उंच इमारतींच्या काचा पुसायला जायची, दोराला लोंबकळत. मी शेजारपाजारचे कपडे शिवायचे. आमची भांडणंही झाली. एकदा मी रागाने म्हटलं, "त्या जिन्यापायी आपण रस्त्यावर आलो." तिने शांतपणे विचारलं, "मग मारायला हवी होती का उडी?" मी शिवणाचं मशीन जोरजोरात चालवत बसले. उत्तर दोघींनाही माहीत होतं.

इमारतीचा खटला अजून चालू आहे. मालकाने काही हार मानलेली नाही. त्याने पाणी तोडलं, ते नर्सने भांडून परत आणलं. वीज तोडली, ती सायकलवाल्याच्या दुकानातून वायर ओढून आली. गल्ली आता त्या घराकडे लक्ष ठेवून असते. गेल्या थंडीत आजोबांना उन्हात बसायची इच्छा झाली, तेव्हा चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून खाली आणलं, चहाच्या टपरीपाशी बसवलं आणि दिवेलागणीला पुन्हा वर पोचवलं. ऑपरेटरबाई सबंध वेळ मागून ओरडत होत्या, "सांभाळून! डोकं आपटेल! अरे, डावीकडे घ्या!" अशी शिस्त त्या चौघांना जन्मात कोणी लावली नसेल.

आणि चिमी? तिला पुन्हा काम मिळालं. एका नव्या मालिकेसाठी मास्टरांनीच तिचं नाव सुचवलं. नवीन निर्मात्याने तिला समोर बसवलं, सगळं माहीत होतं त्याला. म्हणाला, "काम देतो. पण मध्येच बसायचं नाही. कबूल?"

मी शेजारीच होते. मी तिच्या पायाला पाय लावला, की बाई, आता तरी हो म्हण.

"उडी कुठून मारायची ते आधी दाखवा," चिमी म्हणाली. "आणि वर कोण राहतं तेही. मग सांगते. शिवाय शेवटी माझं नाव यायला हवं. मंडळी नको."

निर्माता तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडून काही समजुतीचं निघेल, अशी त्याला आशा असावी.

"ती म्हणते तसंच," मी म्हटलं. "आणि कपडेपटात माझंही."